आश्लेषेचा हात

रतनबाईंच्या घरात कुठला महिना चाललाय हे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आधी नाकाला कळायचं. चैत्रात खिडकीशी दवणा, वैशाखात माठात वाळ्याची जुडी. पावसाळ्यात चुलीवर निर्गुडीचा पाला उकळत असायचा आणि त्या कडवट वाफेनं भिंतींची ओलसुद्धा जरा बाजूला सरकायची. गौरी गेल्या की त्यांच्यापुढचं केवड्याचं पान लुगड्यांच्या ट्रंकेत जायचं. संक्रांतीला ट्रंक उघडली की घडीघडीतून भाद्रपद बाहेर यायचा.

प्रत्येक वासाचं नक्षत्र ठरलेलं होतं. पुष्य लागल्याशिवाय निर्गुडीला हात लावायचा नाही. कचोरा वाळवायचा तो हस्ताच्या उन्हात, आणि चित्रा संपायच्या आत कुटून, चाळून, डब्यात. असं का, हे कोमलनं लग्न होऊन आल्यावर एकदा विचारलं होतं.

"मला कशाला इचारती? नाकाला इचार," रतनबाई म्हणाल्या होत्या.

मळवली स्टेशनच्या मागं, भाताच्या खाचरांना लागून त्यांचं घर. दसरा झाला की ओटीवर खलबत्ता निघायचा आणि उटण्याची कुटाई सुरू व्हायची. आवाजाच्या ठेक्यावर रतनबाईंची ओवी चालायची.

वाळ्याची जुडी बाई, माठाच्या गं पाण्यात
लेकीची सय येते, दुपारच्या गाण्यात

त्यांच्या ओव्यांत भाऊ यायचा, माहेरची वाट यायची, नांदायला गेलेली लेक यायची. सून कधी आली नव्हती. ओव्यांत सुना तशाही क्वचितच येतात, आल्या तरी खोडी काढण्यापुरत्या.

या सगळ्या वासांत कोमलचे हात होते. कुटायला, चाळायला, उन्हात पसरायला, भरायला. फक्त एका जागी ते हात चालत नव्हते, आणि ती जागा म्हणजे रतनबाईंचं डोकं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सुनेनं सासूच्या डोक्याला तेल घालायचं, अंगाला उटणं लावायचं, ही रीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत कोमलनं ते केलं होतं. त्याच महिन्यात तिचे सासरे हनुमंत खाचराच्या बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. पुढच्या दिवाळीला कोमल तेलाची वाटी घेऊन गेली, तर रतनबाईंनी वाटी तिच्या हातून काढून घेतली. "माझं मी घेते," एवढंच म्हणाल्या. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तेच झालं. दुखलंखुपलं, ताप आला, तरी त्या कोमलचा हात अंगाला लागू देत नसत. बाकी माया आटली नव्हती. भाकरीचा पापुद्रा पहिला हिच्या ताटात, माहेरी जाताना पिशवीत नवे तांदूळ. म्हणून तर कोमलला उलगडा होत नव्हता.

शेवटी तिनं नवऱ्याला, कैलासला, धरलं. तो लोणावळ्याला पाहुण्यांच्या गाड्या चालवायचा आणि घरातल्या गोष्टींतून आडवाटेनं निघून जायचा. त्या दिवशी मात्र त्याला वाट सापडली नाही.

"आईनं तुझी पत्रिका काढली होती," तो म्हणाला. "आपले आबा गेले तवा. जोशी म्हणला, आश्लेषा नक्षत्र. सासूला भारी असती म्हणं."

 त्या दिवसापासून कोमलला स्वतःच्या हातांकडे बघायची सवय लागली.

आणि हात तर तिचे चांगले होते. मळवलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत 'ऋतुगंध' नावाचं एक रिसॉर्ट होतं. तिथं ती मालिश करायची. पुण्या-मुंबईचे पाहुणे ऋतू बदलला की यायचे. आल्यावर रिसॉर्ट चालवणाऱ्या अपेक्षा मॅडम त्यांची जन्मतारीख टॅबवर घालायच्या, नक्षत्र निघायचं आणि त्या नक्षत्राच्या झाडाचा वास तेलात मिसळला जायचा. हस्तवाल्यांना जाई, अनुराधावाल्यांना बकुळ. कोमलच्या हाताखाली माणसं झोपी जायची. एकदा एक पोक्त बाई मुकाट्यानं रडल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे गं. घरच्यांचं नशीब मोठं." कोमल हसली आणि टॉवेल घडी करत राहिली.

यंदा दसऱ्याच्या साफसफाईत धान्याचा पिंप सरकवताना रतनबाईंचा उजवा खांदा आखडला. कामशेतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला. हात कानापर्यंत जायचा आणि तिथं अडायचा. वेणी त्या डाव्या हातानं घालत, म्हणजे घातल्यासारखी करत. कोमल आतून बघायची. फणी केसांत अडकायची, सुटायची, परत अडकायची. तिनं एकदा नुसता हात पुढं केला, तर रतनबाई म्हणाल्या, "दूध उतू जाईल, बघ जा." चुलीवर दूध नव्हतंच.

दिवाळी तोंडावर आली. यंदा रतनबाईंना स्वतःच्या हातानं डोक्याला तेल घालता येणार नव्हतं. तरीही त्या आपला हात घेणार नाहीत, हे कोमलला दिसत होतं. आणि यंदाही नाही म्हणाल्या, तर पुन्हा आपण कधी वाटी घेऊन पुढं जाणार नाही, हेही तिला कळत होतं.

ऋतुगंधात दिवाळीच्या आधी गडबड असते. त्या दिवशी कोठीत कुरवंड्याच्या वरच्या ठाकरवाडीची चिंगी पाटी घेऊन आली होती. पाटीत रानहळदीचे कंद, मातीसकट. रानात पाय ठेवायला जागा दिसत नाही तेव्हाही हळद कुठं आहे हे ती सांगायची. घरी रतनबाईंनाही तीच माल द्यायची. समर्थ आचारी चहा गाळत होता. अपेक्षा मॅडम टॅब घेऊन खुर्चीत बसल्या होत्या.

"या वर्षी स्टाफला मिठाईसोबत प्रत्येकाच्या नक्षत्राचं तेल द्यायचं ठरवलंय," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, त्यांचं सगळंच मनापासून असायचं. "समर्थ, जन्मतारीख?"

"एक जून, मॅडम."

"चिंगीताई, तुमची?"

"आधार कार्डावर एक जूनच हाय."

"कोमल?"

"एक जून."

मॅडमचं बोट टॅबवर थांबलं. "थांबा. माळीकाकांची पण एक जूनच आहे माझ्याकडे. आणि गेटवरच्या दोघांची. मी मागं एकाच केकवर सगळ्यांची नावं लिहून आणली होती ना. तेव्हा मला वाटलं, काय योग आहे."

समर्थच्या हातातलं गाळणं हलायला लागलं. चिंगी तोंडाला पदर लावून हसली, मग पदर काढून हसली.

"योग कसला बाई. मास्तरचा योग," ती म्हणाली. "पोरगं शाळंत घालाया न्ह्यायचं. मास्तर इचारणार, कवाचं? आई म्हणणार, नाचणी काढली तवाचं. मास्तर काय नाचणी लिवणार हाय? साळा जूनात सुरू हुती. एक जून टाकला, झालं. आमची समदी वाडी एक जूनची."

"आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनची होती," समर्थ म्हणाला. "उरलेली डॉक्टरांची नि दुकानदारांची."

मॅडमही हसायला लागल्या. "मग मी आता तेल कुठलं देऊ तुम्हाला?"

"जे जास्त उरलंय ते द्या," चिंगी म्हणाली.

सगळे हसत होते आणि कोमल हळदीच्या कंदावरची माती नखानं काढता काढता थांबली होती.

आपण जूनात जन्मलो नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ती तारीख शाळेत चालली, बँकेत चालली, लग्नाच्या नोंदणीत चालली. इतकी वर्षं वापरून ती अंगाला बसली होती. आणि कैलासनं पत्रिकेसाठी सांगितली असेल ती दुसरी कुठली? बायकोचं आधार कार्ड बघून तीच सांगितली असणार. म्हणजे आश्लेषा मास्तरांची होती. तिची नव्हती.

मॅडमनी तरीही हौसेनं बाटल्या भरल्या. कोमलच्या बाटलीवर चिठ्ठी होती: आश्लेषा, नागचाफा. तिनं ती पिशवीच्या तळाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती वडिवळ्याला माहेरी गेली. आई, सविता, खळ्यावर इंद्रायणी भाताच्या पेंढ्या झोडत होती. कोमलनं पदर खोचला आणि शेजारी उभी राहून झोडायला लागली. थोड्या वेळानं विचारलं, "आई, मी कवा झाले?"

"भाताच्या आवणीत."

"आवणीत कवा? तारीख?"

"तारीख बघाया मी काय बँकेत बसले होते? गुडघाभर चिखलात होते. कळ आली तशी रोपाची मूठ बांधावर ठिवली नि घरी आले. पाय धुवाया बी सवड न्हाई भेटली. तुझी आज्जी शेवटपर्यंत म्हणायची, सून चिखलाचे पाय घिऊन बाजंवर चढली."

"नक्षत्र कंचं होतं?"

सवितानं पेंढी खाली ठेवली आणि लेकीकडं बघितलं. "पाऊस पुष्याचा असंल, न्हाईतर पुनर्वसूचा. रानहळदीला तुरे आले होते, एवढं पक्कं. आज्जीनं बाजंखाली हळदीची पानं पसरली होती, ओल लागू नये म्हणून. तू झालीस तवा खोलीभर त्योच वास. अजून कुणी बाळाचं नाव काढलं की माझ्या नाकात त्यो येतो." मग आवाज उतरवून म्हणाली, "का गं? सासू काय बोलली का?"

"न्हाई. काहीच बोलत न्हाई."

आईला बाकीचं कळलं असावं. तिनं पुन्हा पेंढी उचलली आणि नेहमीपेक्षा जोरात आपटली.

तारीख मिळाली नाही, वास मिळाला. पण वासावरून पत्रिका निघत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे जेवत असताना कोमलनं मॅडमचा टॅब उचलला आणि आवणीच्या दिवसांतली एकेक तारीख घालून बघायला लागली. कासाराच्या पेटीतल्या बांगड्यांसारखी नक्षत्रं समोरून सरकली. एकाखाली 'कष्टी' लिहिलेलं, एकाखाली 'हट्टी'. मग एका तारखेला रोहिणी आली. मायाळू, घराला भरभराट आणणारी. कोमलनं बोट तिथंच ठेवलं.

"कुणासाठी बघतेस?" मॅडम मागं येऊन उभ्या होत्या.

"माझ्यासाठीच. एखादं चांगलं नक्षत्र मिळतंय का बघत होते."

मॅडम हसल्या. मग तिचं तोंड बघून हसू आवरलं. "प्रिंट काढून देऊ का? छान रंगीत येईल. घरी दाखवायला."

कोमलनं बराच वेळ रोहिणीकडं बघितलं. कागद दाखवला तर काम होणार होतं. रतनबाई छापील गोष्टीला मानत. त्या डोकं पुढं करतील, तेल जिरेल, आणि दर दिवाळीला वाटी हातात घेताना आपल्याला हा कागद आठवेल.

"नको मॅडम," ती म्हणाली आणि टॅब बंद करून परत दिला.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कैलास गाडीवर गेला होता. ओटीवर दिवा लावून कोमल आत आली तेव्हा रतनबाई भिंतीला टेकून डाव्या हातानं फणी फिरवत होत्या. शेजारी उटण्याचा डबा. डाव्या हातानं कुटलेलं, म्हणून यंदा जरा भरड. कोमल समोर बसली.

"आत्या, माझा जलम जूनातला न्हाई." या भागात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा, तसंच तीही म्हणायची.

फणी थांबली. "मग?"

"ती तारीख मास्तरनं लिवलेली. तुमी पत्रिका काढली ती त्याच तारखंची. मी आईला इचारून आले. आवणीतली हाय मी."

पत्रिकेचं हिला कुणी सांगितलं, हे रतनबाईंनी विचारलं नाही. घरात सांगणारा एकच होता. "आवणीत कंच्या दिवशी?"

"ते ठाव न्हाई. रानहळदीला तुरे आले होते."

"म्हंजी आश्लेषा न्हाई तुझं."

"असंल बी, नसंल बी. आता काहीच सांगता येत न्हाई."

रतनबाईंनी फणीतले केस ओढून काढले, बोटाभोवती गुंडाळले. "मला वाटलं तू म्हणशील, न्हाई म्हणून."

"म्हणणारच होते. रोहिणी शोधून ठिवली होती."

"मग?"

"न्हाई आणली."

रतनबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "आणायची की. रोहिणी चांगली असती."

त्या हललेल्या ओठानं कोमलला धीर आला. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं तिनं विचारून टाकलं. "आत्या, तुमाला माझ्या हाताचं भ्या वाटतं?"

बाहेर रुळावरून मालगाडी चालली होती. तिचे डबे संपेपर्यंत रतनबाई पदरानं फणी पुसत राहिल्या. संपल्यावर बोलायला लागल्या तेव्हा कोमलकडं न बघता, दिव्याकडं बघून.

"माझ्या जिवाचं भ्या मला कशाला वाटंल? तुझा मामा गेला तवा दहाव्याला बाया जमल्या होत्या. मी आतल्या खोलीत पडले होते. भायेर कुजबूज चालली होती, नवी सून आली नि वर्साच्या आत घरधनी गेला. पहिल्याच दिवाळीला. मला उठून जाऊन त्यांच्या तोंडाला फडकं बांधावं वाटलं, पर उठवंना. मग म्हणलं, पत्रिका काढू. काहीतरी चांगलं निघंल, ते त्यांच्या तोंडावर फेकीन. कैलासकडनं तारीख घेतली, जोश्याकडं गेले. निघाली आश्लेषा, सासूला भारी."

"मग?"

"मग काय. गावात सांगितलं, पुष्य निघालं. लय चांगलं निघालं." त्यांनी नाक ओढलं. "कैलासला म्हणलं, बोललास तर बघ. तरी बोललाच. आन् मी ठरवलं, हिचा हात आपल्या अंगाला नको. माझं वय झालंय पोरी. आज न्हाई तर उद्या जायचीच. जाईन तवा कुणी म्हणाया नको, परवाच सुनेनं तेल घातलं होतं. मामाचं तुझ्या पायावर घातलं, माझं तुझ्या हातावर घालतील. हाताशिवाय तुझ्याकडं हाय काय दुसरं? त्याच्यावर तर पोट हाय तुझं."

 एवढी वर्षं कोमलनं एका बंद दाराला डोकं टेकलं होतं, आणि दार बंद करणारी आत उभी राहून तिलाच राखत होती. रडू यायला हवं होतं. आलं ते हसू, आणि हसण्यात मग दुसरंही काही मिसळलं.

"आत्या, लोक आता काय म्हणत्यात ठाव हाय का?"

"काय?"

"म्हणत्यात, शेरातल्या बायांची अंगं रगडती, घरच्या म्हातारीला बोट लावत न्हाई."

रतनबाई ताठ झाल्या. दुखरा खांदा विसरून ताठ झाल्या आणि कळ आली तशा परत टेकल्या. "कोण म्हणतं?"

कोमल उटण्याच्या डब्याचं झाकण लावायला लागली.

"येसू?"

झाकण नीट बसत नव्हतं.

"येसूच," रतनबाई म्हणाल्या. कुंपणापलीकडची येसूबाई त्यांच्याबरोबरच या गावात नांदायला आली होती आणि तेव्हापासून दोघींची एकमेकींच्या चुलीवर नजर होती. "दहाव्याला बी तीच होती. हात लावला तर मेली म्हणणार, न्हाई लावला तर म्हातारी टाकून दिली म्हणणार." त्यांनी फणी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पहिल्या आंघोळीला मोठा हंडा तापव. नि पाट न्हाणीत नको. अंगणात मांड."

नरकचतुर्दशीला फटफटायला लागलं होतं. खाचरांवर धुकं होतं आणि कापलेल्या इंद्रायणीचा गोड वास त्या धुक्यात अडकून राहिला होता. तुळशीजवळ पाट, पाटाभोवती रांगोळीचं बोट. कैलास हंड्याखाली काटक्या सारत होता आणि अंगणात चाललेल्या प्रकाराकडं न बघितल्यासारखं बघत होता. रतनबाई जुनं लुगडं गुंडाळून पाटावर येऊन बसल्या आणि त्यांनी कुंपणाकडं तोंड केलं.

"येसू, ए येसू. उठली का?"

येसूबाई पणती घेऊन दारात आल्या. "उठली की. आन् हे काय, थंडीत अंगणात न्हाती का काय?"

"न्हाते. हिकडं ये, बस त्या दगडावर."

येसूबाई बोलावल्यावर न येणाऱ्यांतल्या नव्हत्या. आल्या, बसल्या. रतनबाईंनी आवाज चढवला नाही. सांडग्यांचं पीठ किती घेतलं हे सांगावं तशा बोलल्या.

"मी समद्यांना सांगितलं होतं ना, आमच्या कोमलचं पुष्य नक्षत्र निघालं? खोटं सांगितलं होतं. जोश्यानं आश्लेषा काढली होती. सासूला भारी."

कैलासच्या हातातली काटकी खाली पडली. कोमल वाटी धरून उभी होती.

"आता ही म्हणती, तारीखच मास्तरची हाय. मग खरं नक्षत्र कंचं, तर त्ये कुणालाच ठाव न्हाई. असू दे. ऐक येसू. मी माझ्या मनानं बसलीये. माझा मालक गेला तो त्याच्या काळजानं गेला, डॉक्टरनं सांगितलं होतं. मी जाईन ती माझ्या वयानं जाईन. मग ती उद्या जाईन न्हाईतर धा वर्सांनी. तवा तू कुणाच्या कानात काय बोलायचं ते आज बघून ठिव."

"सणासुदीला काय गं बोलती," येसूबाई म्हणाल्या. त्यांनी पणतीवर हात आडवा धरला, वारा नसताना. "मी कवा काय बोलले?"

"तू न्हाईच बोलली कवा," रतनबाई म्हणाल्या. "घाल गं तेल."

कोमल पुढं झाली. वाटीतलं तेल वेगळं होतं. रतनबाईंनी नाक वर केलं. "कसला वास ह्यो?"

"नागचाफा. मॅडमनी दिलं, स्टाफला. आश्लेषेचं तेल हाय," कोमल म्हणाली. "घरचं खोबरेल बी आणलंय. कंचं घालू?"

रतनबाईंनी पुन्हा एकदा वास घेतला. "आश्लेषेचंच घाल."

ऋतुगंधात कोमलनं किती डोकी हाताळली असतील. सगळ्यांना कसं धरायचं तिला ठाऊक होतं. या डोक्याशी येऊन हात बावरले. केस विरळ झाले होते. मध्ये भांग रुंद झालेला, कुंकवाची जागा पुसट. टाळूवर तिनं तेलाची धार सोडली आणि तळवा ठेवला. रतनबाईंचे खांदे आधी वर आले, कुणी मारायला हात उगारल्यावर येतात तसे. मग हळूहळू खाली गेले. एवढ्या वर्षांत या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता, हे त्या खाली जाण्यातून कळत होतं.

मग हातांना आपली वाट सापडली. टाळूवरून कानामागं, कानामागून मानेला, मानेवरून त्या आखडलेल्या खांद्याकडं. तिथं सुपारीएवढी गाठ होती. कोमलनं अंगठा तिच्यावर नुसता टेकवून ठेवला, दाबला नाही. रतनबाईंनी श्वास आत ओढला, धरला आणि सोडला.

"उचलून बघा," कोमल म्हणाली.

हात कानापर्यंत गेला. थोडा पुढं गेला. मग थांबला.

"लगीच काय व्हतंय," रतनबाई म्हणाल्या. "रोज लावावं लागंल."

"लावीन की."

उटणं भरड होतं, पाण्यात कालवल्यावरही बोटांना लागत होतं. कचोरा, नागरमोथा, वाळा आणि चिंगीनं आणलेली रानहळद. पाठीवर पहिला हात फिरला आणि गार अंगणात तो वास उठला. खोलीभर त्योच वास, असं आई म्हणाली होती. कोमलला वाटलं, आपण जन्मलो त्या दिवसाचं एवढंच आपल्या हाती आहे, आणि ते आत्ता या पाठीवर पसरतंय. ती हात फिरवत राहिली.

खलबत्ता नव्हता, ठेका नव्हता. तरी रतनबाईंच्या घशात काहीतरी घुमायला लागलं. आधी नुसता सूर, शब्द चाचपडत असलेला. येसूबाईंनी कान टवकारले. कैलासनं हंड्याचं झाकण आवाज न करता टेकवलं.

रानहळदीचा वास, सुनेच्या गं हाताला
उन्हं कलली माझी, सावली गं माथ्याला

कोमलचा हात पाठीवर तसाच थांबला.

"थांबली का?" रतनबाई म्हणाल्या. "थंडी वाजती मला."

तिनं तांब्या उचलला. पहिलं कढत पाणी खांद्यावरून उतरलं, वाफेनं दोघींची तोंडं झाकली. वाफेच्या पलीकडून येसूबाईंचा आवाज आला. जरा खाकरून, जरा अडखळत.

"रतन, माझ्या बी मानंत चार दिस झाले चमक भरलीये गं."

"बस मग," रतनबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "माझं झाल्यावर. आन् जलमतारीख सांग आधी तिला, तेल त्यावर ठरतंय."

"मला काय ठाव. कार्डावर एक जून हाय," येसूबाई म्हणाल्या.

कोमलनं तांब्या पुन्हा हंड्यात बुडवला. ओठ दाबून धरले होते, तरी हसू पाण्यात सांडलंच.